पानीटंकीची मसाला वेलची आणि मुंबईतला सीएचए

मशीद बंदर किंवा वाशीच्या व्यापाऱ्याची आयात बहुतेक न्हावा शेवाला उतरते. त्यामुळे सिलिगुडीजवळच्या पानीटंकी या नेपाळ सीमेवरच्या कस्टम्स ठाण्यातून मसाला वेलची आणायची ठरली की तो सवयीने नेहमीच्याच सीएचएला, म्हणजे कस्टम्सचे कागद भरणाऱ्या एजंटला, फोन लावतो: "पानीटंकीला गाडी येतेय, तेवढं बघा." गडबड इथूनच सुरू होते.

कायद्याने आता 'कस्टम्स ब्रोकर' हे नाव असलं तरी मुंबईत सगळे सीएचएच म्हणतात. 2018 च्या नियमांप्रमाणे मुंबईचा परवाना असलेला ब्रोकर देशातल्या दुसऱ्या ठाण्यावर, तिथल्या कस्टम्सला कळवून, काम करू शकतो. पण त्याचा माणूस तिथे नसेल तर काम सिलिगुडीतल्या कुणाच्या तरी हाती जातं, आणि तुमचे कागद कोण भरतंय हे तुम्हालाच माहीत नसतं. परवाना भाड्याने देणं बेकायदा आहे. म्हणून सरळ विचारा: बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडे भरायचं विवरणपत्र, कोणाच्या परवान्यावर भरणार, आणि तपासणीला गोदामात कोण उभा राहणार? त्या माणसाकडे जी किंवा एच कार्ड हवं. जी कार्ड परीक्षा पास झालेल्या कर्मचाऱ्याला मिळतं, एच कार्ड नुसत्या मदतनिसाला. अधिकारपत्र कागद भरणाऱ्याच्याच नावाने द्या. तो आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), जीएसटी नंबर, पत्ता यांची केवायसी मागेल. मागितली नाही तर दुसरा ब्रोकर शोधा, कारण ही पडताळणी त्याच्यावर बंधनकारक आहे. ब्रोकर नेमला म्हणून तुमची जबाबदारी मात्र सुटत नाही.

त्याआधी आपला माल त्या वाटेने येऊ शकतो का, हे पाहा. उदाहरणार्थ, बांगलादेशचे तयार कपडे 17 मे 2025 च्या आदेशाने सगळ्या जमिनी ठाण्यांवर बंद झाले, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरं खुली ठेवली. असे आदेश एका रात्रीत निघतात, गाडी वाटेत असली तरी. डीजीएफटीची, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाची, ताजी अधिसूचना ब्रोकरकडून लेखी मागवा.

आता वेलची. कस्टम्सच्या दरपत्रकात तिचं शीर्षक 0908. नेपाळी उगमाचा दाखला, म्हणजे सीओओ, बरोबर असेल तर मूळ सीमाशुल्काची सवलत मिळते आणि उरतो 5 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. दाखला फसला तर पूर्ण शुल्क, आणि सौद्यातला नफा तिथेच संपतो. नेपाळमार्गे तिसऱ्या देशाची सुपारी, काळी मिरी आणण्याचे प्रकार झाले आहेत, म्हणून अधिकारी मसाल्याच्या दाखल्याकडे बारकाईने पाहतात. सप्टेंबर 2020 पासून लागू असलेल्या कॅरोटार, म्हणजे सवलतीच्या आयातीत मालाचा उगम सिद्ध करण्याच्या, नियमांनुसार उगमाची माहिती आयातदाराकडेच असायला हवी. फॉर्म १ मध्ये भरून ती पाच वर्षं सांभाळायची, आणि अधिकाऱ्याने मागितली तर 10 कामाच्या दिवसांत द्यायची. ती ब्रोकर तयार करून देणार नाही, त्याने तसं करूही नये. वेलची कुठल्या भागातली, कोणाकडून घेतली, हे नेपाळातल्या बिर्तामोडच्या विक्रेत्याकडून सौद्याच्या वेळीच लिहून घ्या.

सगळ्यात जास्त गाड्या अडतात त्या कागदांमधल्या फरकामुळे. इनव्हॉइसवर पोत्यांचं निव्वळ वजन, सीओओवर एकूण वजन, फायटोवर, म्हणजे कीड-रोग नसल्याच्या दाखल्यावर, तिसराच आकडा. फायटोसॅनिटरी दाखल्यावर शास्त्रीय नाव 'अमोमम सुबुलेटम' असंच हवं. नुसतं 'कार्डमम' लिहिलं की प्लांट क्वारंटाइनवाला हिरव्या वेलचीची शंका काढतो. म्हणून गाडी निघण्याआधी सगळ्या कागदांचे फोटो मागवा आणि आकडे एकमेकांशी ताडून पाहा. सुधारणा नेपाळात सोपी असते. गाडी पानीटंकीच्या आवारात उभी राहिली की प्रत्येक दिवसाचं भाडं चढतं. दशैंच्या, म्हणजे नेपाळातल्या दसऱ्याच्या, सुट्ट्यांत तर नेपाळातून नवा दाखला मिळायला आणखी उशीर, आणि ते दिवस नेमके वेलचीच्या हंगामातले.

खाद्यपदार्थ असल्याने आयातीसाठी एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, केंद्रीय परवाना लागतो. नमुना प्रयोगशाळेत गेला की निकालापर्यंत माल हलत नाही. पोत्यावर आयातदाराचं नाव-पत्ता किंवा परवाना क्रमांक राहिला असेल तर स्टिकर लावून भागतं, पण उत्पादनाची तारीखच नसेल तर नाही.

बिल ऑफ एन्ट्री जमिनी ठाण्यावर गाडी पोचल्याच्या दिवसाअखेरपर्यंत भरावं लागतं. पुढे पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि नंतर रोज 10,000 रुपये विलंबशुल्क. भरण्याआधी ब्रोकर त्याचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, पाठवतो. ती व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके" करून टाकू नका. जीएसटी नंबर, एडी कोड (बँकेचा कोड), सवलतीच्या अधिसूचनेचा क्रमांक आणि अनुक्रमांक, वजनाचं एकक, सीओओचा नंबर आणि तारीख वाचा. शुल्कासाठीच्या मूल्यात भाडं सरहद्दीपर्यंतचंच धरायचं, पानीटंकी ते मुंबईचं त्यात येत नाही. भाड्याचा पुरावा नसेल तर एफओबीच्या (माल गाडीत चढवेपर्यंतच्या किमतीच्या) 20 टक्के भाडं धरतात आणि विमा 1.125 टक्के. तेवढा आयजीएसटी फुकट वाढतो.

शुल्क आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने, स्वतःच्या खात्यातून भरा. ब्रोकरच्या खात्यात रक्कम टाकून "तुम्हीच भरा" म्हणण्याची काहीच गरज नाही. शुल्क भरायची मुदत चुकली तर 15 टक्के दराने व्याज.

आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल नेण्याची कस्टम्सची परवानगी, मिळाली की ई-वे बिल, म्हणजे जीएसटीतलं मालवाहतुकीचं बिल. त्यात दस्तऐवज म्हणून बिल ऑफ एन्ट्री निवडा. माल निघण्याच्या जागी पानीटंकीचा पिनकोड टाका, पुरवठादाराचा नेपाळातला पत्ता नको. मुदत 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मिळते, म्हणून अंतर चुकलं तर गाडी मध्य प्रदेशातच असताना बिल संपतं. मुदतवाढ ही मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांतच घेता येते. ड्रायव्हरचा नंबर जवळ ठेवा आणि वाढवायची जबाबदारी ट्रान्सपोर्टरची की तुमची, हे गाडी सुटण्याआधीच ठरवा.

ब्रोकरच्या बिलात एजन्सी फी वेगळी आणि खर्च वेगळा दाखवून घ्या. हमाली, वजनकाटा, आवाराचं भाडं यांच्या पावत्या तुमच्या नावावर हव्यात. 'इतर खर्च' अशी मोघम ओळ मान्य करू नका. मग जीएसटीआर-2बी मध्ये (तुम्हाला मिळणाऱ्या जीएसटी क्रेडिटच्या विवरणात) ते बिल ऑफ एन्ट्री दिसतंय का ते पाहा. दिसत नसेल तर बहुधा जीएसटी नंबर चुकलेला असतो, आणि सीमाशुल्क कायद्याच्या कलम 149 खाली दुरुस्तीचा अर्ज त्याच ठाण्यावर करावा लागतो. तिथे तुमचा माणूस म्हणजे तो ब्रोकरच, म्हणून त्याचं शेवटचं बिल क्रेडिट दिसल्यावरच चुकतं करा, आणि ही अट अधिकारपत्राबरोबरच लिहून ठेवा.