तुम्ही विचारलंत म्हणून: दीडशे अंजिरं आणि एक फोन

‘एकरभर बागेसाठी ते मोबाईलवरचं काही घ्यावं का हो?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, बँकेच्या रांगेत विचारलाय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनीच विचारला, मी आ वासून खुर्चीत बसलेली असताना. त्यांची शिरूरकडे डाळिंबाची बाग आहे. तेव्हा मान हलवण्यापलीकडे काही जमलं नाही, म्हणून आता सविस्तर.

मी राहते हडपसरला. बाग दिवे घाट चढून गेल्यावर, सासवडच्या अलीकडे. अंजिराची दीडशेच्या वर झाडं, बांधाला थोडी सीताफळं. रोजचं सगळं धाकटे दीर बघतात, मी शनिवार-रविवारची शेतकरी. त्यामुळे फोनवरून शेती करायची हौस घरात मलाच, आणि त्या हौसेचे टोमणेही मलाच.

तर घ्या. पण आधी झाडांना नंबर घाला.

हे उत्तर ऐकून माणसं हिरमुसतात, त्यांना ऍपचं नाव हवं असतं. पण असं बघा. मोकळ्या आभाळाखाली फोनचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. आमची लागवड पाच बाय पाच मीटरची. म्हणजे फोन हातात धरून मी एका झाडाखाली उभी असते आणि नकाशावरचा निळा ठिपका शेजारच्या झाडाला टेकलेला असतो. उपग्रहाच्या नकाशाची तीच गत. ऍपमध्ये बागेचं जे हिरवं-पिवळं चित्र येतं, ते बहुतेक वेळा सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचं असतं, आणि त्याचा एक चौकोन १० बाय १० मीटरचा. एका चौकोनात आमची चार झाडं, अधलंमधलं गवत धरून. पावसाळ्यात ढग असले की तेही दिसत नाही, आणि ढग हटले की बाग हिरवीगार दिसते ती हरळीमुळे. शंभर एकर उसाला याचा उपयोग असेल. दीडशे झाडांना पत्र्याची चकती आणि ऑइलपेंट पुरतो. पहिल्या रविवारी पावणेचार तास लागले, आणि १०९ नंबर आम्ही दोनदा घातलाय. तो अजून तसाच आहे.

नंबरांच्या आधी मी उलटी सुरुवात केली होती. जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर घेतला. कंपनीचा मुलगा आला, दोन ओळींच्या मधे जिथे पहार सहज गेली तिथे त्यानं तो पुरला, माझ्या फोनवर ऍप चढवलं, चहा घेऊन गेला. मीठ्या बहाराचे, म्हणजे उन्हाळी फळांचे दिवस, मार्च महिना, फळं भरत आलेली. ऍप रोज सकाळी लाल: माती कोरडी, पाणी द्या. मी हडपसरहून फोन करायची, भाऊजी मोटर चालू करायचे. दोनदा म्हणाले, ‘वहिनी, माती ओली लागतीय हाताला.’ मी म्हटलं, आकडा खोटं बोलत नाही.

आकडा खोटं बोलत नव्हताच. आमची जमीन मुरमाड. काळ्या रानात ठिबकचं पाणी आडवं पसरतं, मुरमात ते नाकासमोर खाली जातं. ड्रीपर, म्हणजे नळीवरची थेंब सोडणारी तोटी, तिच्याखालचा ओला भाग अरुंद आणि खोल. सेन्सर त्या ओल्याच्या बाहेर कोरड्यात बसून प्रामाणिकपणे ‘कोरडं’ सांगत होता. खालच्या मुळ्या मात्र पाण्यात. पिकत आलेल्या अंजिराला एकदम पाणी झालं की साल उकलते. ती उकलली. उकललेलं अंजीर मार्केट यार्डात कुणी हातात घेत नाही. आठवडाभर घरात, शेजारी, सोसायटीच्या वॉचमनकडे, सगळीकडे अंजीर. भाऊजी एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

नंतर ड्रीपरपासून वीतभर अंतरावर खड्डा घेऊन ओल कुठवर जाते ते डोळ्यांनी बघितलं आणि सेन्सर तिथे हलवला. आता तो बरा चालतो. पण हा खड्डा आधी घ्यायला पैसे पडत नव्हते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फोनमधल्या घड्याळाचा आणि नातवाच्या दुधाच्या जुन्या बाटलीचा. बाटलीवर मिलीच्या खुणा असतात. तासाला ४ लिटरचा ड्रीपर म्हणजे मिनिटाला साधारण ६७ मिली. ड्रीपरखाली बाटली धरायची, फोनवर एक मिनिट लावायचं, आकडा मोठ्यानं म्हणायचा. ओळीच्या तोंडाशी ६५, ६६. मधे ५८. शेवटच्या झाडाला ३८. मी परत मोजलं, परत ३८. म्हणजे चार तास मोटर चालली की पहिल्या झाडाला ड्रीपरमागे सोळा लिटर आणि शेवटच्याला जेमतेम नऊ. ऍपमध्ये मात्र दोघांच्या नावावर ‘चार तास’. शेवटच्या झाडांची फळं बारीक का, याच्यावर आमच्याकडे तीन वर्षं चर्चा चालली होती. खत, जात, उतार, एका चुलत सासूबाईंच्या मते नजर. भाऊजींनी नळीच्या टोकाची बुचं काढली तर आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग पांढरे कण. पाण्यातले क्षार. नळ्या धुतल्या, ऍसिड सोडलं, जे ड्रीपर सुटले नाहीत ते बदलले. आता महिन्यातून एकदा बाटली निघते.

पानाचा फोटो काढून रोग ओळखणारी ऍपही वापरून पाहिली. द्राक्ष, डाळिंब यांचं त्यांना बरं कळतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मी घेतलेल्या ऍपच्या यादीत अंजीर नव्हतंच. पानावर पिवळसर ठिपके होते, फोटो टाकला, उत्तर आलं अन्नद्रव्यांची कमतरता. भाऊजींनी पान उलटं केलं. खाली विटकरी पुरळ, बोट फिरवलं तर भुकटी बोटाला. तांबेरा. फोटो मी वरून काढला होता, फोनचा काय दोष? आता पान दोन्ही बाजूंनी काढते आणि ऍपऐवजी तालुक्यातल्याच जाधववाडीच्या अंजीर-सीताफळ संशोधन केंद्रात जाऊन दाखवते.

हवामानासाठी ‘मेघदूत’ आहे, हवामान खात्याचं, फुकट. मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत सल्ला येतो. फवारणी आज की परवा एवढं ठरवायला पुरतो. आमच्या तुकड्यावर किती पडला हे मात्र तो सांगू शकत नाही. घाटाखाली हडपसरला माझी गच्ची तुंबलेली असते आणि वर भाऊजी आभाळाकडे बघत बसलेले. त्यासाठी बांधावर साधं पर्जन्यमापक आहे, रोज सकाळी त्याचा फोटो येतो. हवामान खात्याच्या सिमला ऑफिसवरून जाताना आठवतं, कृषी हवामानाचा विभाग पुण्यात १९३२ सालीच सुरू झाला. तिथल्या डॉ. रामदास यांनी दाखवलं होतं की निरभ्र, निवांत रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला टेकून नसते, वीतभर किंवा थोडी अधिक वर असते. म्हणजे यंत्र कुठे टांगता यावर आकडा ठरतो. आमच्या शेजाऱ्यांनी हवामान यंत्र मोटारीच्या पत्र्याच्या खोलीला टांगलंय. भर दुपारी ते काय सांगत असेल ते असो.

आणि भाऊजींना विचाराल तर ते यातलं काहीच सांगणार नाहीत. ते म्हणतील, मोटारीचा मोबाईल स्टार्टर घ्या. शेतीची थ्री-फेज लाइट रात्रीच्या पाळीला आली की दीड वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागायचं. वाटेत साप, अलीकडे बिबट्याची भीती. आता अंथरुणातून फोन. स्टार्टरच्या सिमचं रिचार्ज संपू देऊ नका एवढंच. आमचं ऐन उन्हाळ्यात संपलं होतं, आणि ते मारायचं काम माझ्याकडे होतं.

नंबरांचा फायदा काय, हे अजून सांगायचं राहिलं. अंजीर तोडताना हाताला चीक लागतो, बोटं खाजतात, आणि चिकाच्या बोटाला फोनचा पडदा दाद देत नाही. त्यामुळे कुठल्याही ऍपमध्ये तोडणीच्या वेळी काही लिहिणं होत नाही. भाऊजी कोपरानं की कशानं ते बटण दाबतात आणि व्हॉट्सऍपवर बोलून ठेवतात. रात्री मी ते ऐकून वहीत चढवते. काल रात्रीचा निरोप असा होता: ‘वहिनी, ४७ च्या बुंध्याशी भुसा पडलाय, खोडकिडा दिसतोय. ६२ चांगलंय. १०९... पहिलं १०९, विहिरीकडचं, त्याला फळ कमी. रविवारी येताना भोकात घालायला तार आणा. सायकलची जुनी स्पोक असली तरी चालंल.’