सनलाइटच्या पाटीचं वय

पुण्याच्या जुन्या बाजारात विक्रेत्याने ती दाखवली तीच "1905 ची, अस्सल ब्रिटिश" म्हणत. एनॅमलची पाटी, पिवळ्यावर निळी अक्षरं, सनलाइट साबण. पाटी मी घेतली. साल त्याच्याकडेच राहू दिलं.

आधी अस्सलपणा बघायला हवा होता, कारण गंज चढवून म्हाताऱ्या केलेल्या पाट्या हल्ली ढिगाने येतात. एनॅमल म्हणजे पत्र्यावर भट्टीत भाजून बसवलेली काच. जुन्या कामात रंगागणिक वेगळी भाजणी व्हायची, त्यामुळे अक्षराच्या कडेवर नख अडखळतं. इथे अडखळलं. टवका उडालेल्या जागी आधी काळपट निळा अस्तराचा थर, मग गंज. खिळ्यांची भोकंही एनॅमल चढवण्याआधीच पाडलेली. काच त्यांच्या कडेवरून आत वळली होती. मागाहून ड्रिल मारलं की हे जमत नाही.

साल सापडलं तळाच्या बारीक ओळीत: 'लीव्हर ब्रदर्स (इंडिया) लिमिटेड'. सनलाइट कलकत्त्याला 1888 मध्येच आला, पण तो इंग्लंडहून खोक्यांत. भारतातली ही कंपनी 1933 ची. पुढच्याच वर्षी शिवडीच्या कारखान्यात साबण निघू लागला, आणि 1956 मध्ये हिंदुस्थान लीव्हर झाल्यावर हे नाव गेलं. म्हणजे पाटी या मधल्या काळातली, 1905 निकालात. शिवाय पाटीवरच्या 'कपड्यांसाठीं' मधला शेवटचा अनुस्वार! न उच्चारले जाणारे अनुस्वार 1962 च्या लेखननियमांनी हद्दपार केले. नक्कल करणाऱ्या पोराला तो सुचेल, हे मला पटत नाही.

पाटी कुठली, हे विक्रेत्याने बऱ्याच चहानंतर सांगितलं: वाईचं एक किराणा दुकान. मी भोकांचा छाप कागदावर घेऊन गेलो. दुकानाच्या सागवानी फळीवर एक फिकट चौकोन होता, आणि छाप धरला तर चारही भोकं खिळ्यांच्या खुणांवर बरोबर बसली. मालक आजोबा खूश झाले, माळ्यावरून खतावण्या काढल्या. जुन्या सगळ्या मोडी लिपीत. फोटो काढून पुण्यात जाणकाराकडून वाचून घेतले, तेव्हा सनलाइटच्या पेटीची पहिली नोंद मिळाली शके 1860 च्या कार्तिकातली, म्हणजे 1938. त्याआधी नुसता सोडा आणि रिठे. पाटीचा उल्लेख कुठेच नाही. पण जो माल दुकानात नाही, त्याची पाटी कोण लावेल? तेव्हा मी 1938 किंवा थोडं पुढे, असं धरून चाललोय.

हे सांगायला आजोबांना फोन केला. त्यांना सालाचं फारसं काही वाटलं नाही.

"नातवानं दीडशे रुपयांना भंगारात घातली होती. तुम्ही कितीला घेतलीत?"

मी दिली होती त्याच्या निम्मीच किंमत सांगितली. तीही ऐकून ते बराच वेळ नातवावर बोलत होते.