तुम्ही विचारलंत म्हणून: तलावावर माणसं येतात कशी?

"तुमच्या कार्यक्रमांना एवढी माणसं येतात कशी?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. कधी दुसऱ्या तलावावर धडपडणाऱ्या गटाकडून, कधी शाळेतल्या बाईंकडून, तर एकदा शेअर रिक्षात मैत्रिणीच्या नणंदेकडून. पवई तलावासाठी काम करणारा आमचा छोटा गट आहे. लोकांसाठीच्या कार्यक्रमांची आखणी माझ्याकडे असते. पहिल्या बैठकीत कोणीतरी वही धरायची होती, ती मी धरली, एवढीच माझी पात्रता.

पहिल्या वर्षी कोणी आलं नव्हतं, हे आधी सांगते. आम्ही ५ जूनचा पर्यावरण दिन धरला होता. बॅनर, पाहुणे, शपथ, सगळं यथासांग. पण ५ जूनला मुंबईत एकतर घामाने जीव जातो, नाहीतर पाऊस गाठतो. आम्हाला दोन्ही मिळालं. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे मुलं गावाला. पाहुणे पस्तीस मिनिटं बोलले. सावली होती ती बॅनरपुरती. आणि नाश्त्याबरोबर वाटायला आमच्यातल्याच एकाने प्लास्टिकच्या छोट्या बाटल्यांची खोकी आणली होती. कार्यक्रम संपल्यावर तलावाचे रक्षक पाऊण तास स्वतःच्याच बाटल्या वेचत होते.

त्यानंतर वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे तलावाचं वर्ष, उजवीकडे माणसांचं. पावसाळ्यात पवई भरून वाहतो आणि ते पाणी मिठी नदीला मिळतं. थंडीत मगरी सकाळच्या उन्हाला काठावर येऊन पडतात. उजवीकडे परीक्षा, गणपती, दिवाळी, लग्नसराई आणि हो, रविवारचा मेगाब्लॉक. कांजूरमार्गला उतरून येणाऱ्यांना गाड्या विस्कळीत व्हायच्या आत घरी पोचायचं असतं, म्हणून सकाळचा कार्यक्रम साडेनऊला संपतो. संपतो म्हणजे संपतोच, मग कोणाचं आभारप्रदर्शन राहिलं तरी चालेल.

दोन्ही बाजू जुळतात अशा जागा वर्षात चार-पाचच निघतात. त्यातली माझी लाडकी संक्रांत ते रथसप्तमी. २ फेब्रुवारीचा पाणथळ दिन याच सुमारास येतो. १९७१ साली त्या तारखेला इराणमधल्या रामसरला पाणथळ जागांचा करार झाला. पण "पाणथळ दिनाला या" म्हटलं तर सोसायटीतल्या कोणी येत नाहीत. "तलावावर हळदीकुंकू आहे" म्हटल्यावर आल्या. सवाष्ण आहे का, हे कोणाला विचारायचं नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. वाण म्हणून जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पिशव्या. वेळ दुपारी चारची, उन्हं उतरताना.

आता यातली गंमत. आपल्याकडे एक बदक आहे, त्याचं मराठी नावच हळदीकुंकू. अंगाने साधं, खवल्याखवल्यांचं, तपकिरी. पण काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोच कपाळाला मिळते तिथे दोन लाल ठिपके. तिवईवर दुर्बीण लावून ठेवली होती. एक आजी वाकल्या, एक डोळा मिटला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं बाई, लावलंय की खरंच!" त्यांच्यामागे दुर्बिणीला जी रांग लागली, ती तिळगुळालाही नव्हती.

एका कार्यक्रमात एकच गोष्ट सांगायची, असा माझा हट्ट आहे. त्या दिवशीची गोष्ट जलपर्णीची होती. बदकाच्या पलीकडे हिरवा गालिचा पसरलेला दिसतच होता. "किती छान फुलं!" कोणीतरी म्हणालंच. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि इथे तिला खाऊपिऊ घालतं ते सांडपाणी, म्हणजे त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस. मशीन लावून ती काढतात, ती पुन्हा येते. दूध उतू जात असताना गॅस बंद न करता ओटा पुसत बसण्यातला प्रकार. हे वाक्य माझं नाही, त्याच घोळक्यातल्या एका काकूंचं. मी ते तेव्हापासून सगळीकडे वापरते.

मुलांसाठी पाट्या-बिट्या लावत नाही. स्टीलची एक ताटली आहे, तिचे चार भाग करून काळा-पांढरा, काळा-पांढरा रंग दिलाय, मधल्या भोकातून गाठी मारलेली दोरी आणि खाली वजन. पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ मध्ये हीच युक्ती समुद्रात केली होती. पाणी किती गढूळ आहे, यावर मुलं आपापसांत भांडतात, मला बोलावं लागत नाही. मगरींमुळे दोरी मात्र धक्क्यावरून मोठ्या माणसानेच सोडायची.

मोठ्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "हेच पाणी आमच्या नळाला येतं ना?" नाही. १८९० च्या सुमारास हा तलाव शहराला पाणी मिळावं म्हणून बांधला खरा, पण ते पिण्यालायक ठरलं नाही. आज ते कारखान्यांना आणि आरे कॉलनीला जातं. नळाला येतं ते मुख्यतः भातसा, वैतरणा, तानसाचं, ठाणे-पालघर-नाशिककडचं. हे कळल्यावर काही चेहरे निवांत होतात आणि तेच मला आवडत नाही. आपल्या पोटात जात नाही म्हटल्यावर तलाव परका होतो. म्हणून हे उत्तर मी शेवटी देते, बदक बघून झाल्यावर.

बाकी किरकोळ. परवानगीचं पत्र महिनाभर आधी द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. आमचं एक पत्र एका कार्यालयात तीनदा हरवलंय. लाउडस्पीकर नको. जवळचं स्वच्छतागृह उघडं आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. बायका येणार की नाही हे पाहुण्यांवर नाही, त्यावर ठरतं. कंपनीवाले दोनशे टीशर्ट घेऊन सफाईला येतो म्हणतात, त्यांना मी वीस जण पाठवा म्हणते. दुर्बिणी सहाच आहेत.

गेल्या आठवड्यात त्या दुर्बिणीवाल्या आजींचा फोन आला. त्यांच्या इमारतीमागच्या नाल्याला सकाळी पांढरा फेस येतो, तो तलावातच जातो का, असं विचारत होत्या. रविवारी सातला आम्ही चौघी तो नाला धरून चालत जाणार आहोत. यायचं असेल तर बूट घालून या, तिथे चिखल असतो.