भोकं भाडेकरूची, ओल घरमालकाची

मे-जून म्हणजे पुण्यात भाड्याची घरं खाली करायचा सीझन, पोरांच्या शाळा सुरू व्हायच्या आत सगळ्यांना हलायचं असतं, त्यामुळे आम्हा पेंटर लोकांना टचअपची कामं भरपूर येतात. बरीचशी विसरायला होतात, वाकडच्या एका फ्लॅटमधलं मात्र डोक्यातून जात नाही.

नवरा-बायको दोघं आयटीतले. हॉलमध्ये टीव्हीच्या ब्रॅकेटची भोकं, पडद्याच्या रॉडची भोकं, आणि पोराने बॉलपेनने मारलेल्या रेघोट्या. भोकं भरणं सोपं आहे पण घाईचं नाही. आधी प्लास्टिकची गिट्टी काढायची, त्यात स्क्रू अर्धा फिरवून पकडीने सरळ ओढायचा, वाकडातिकडा ओढला की आजूबाजूचा गिलावा घेऊनच येते. मग आतली धूळ ब्रशने काढून थोडं पाणी मारायचं, नाहीतर कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी पिऊन टाकते आणि पुट्टी भुसभुशीत राहते. वाळताना पुट्टी आत बसते म्हणून एका दमात भरायचं नाही, दोन हात द्यायचे. वरून 180 चा पॉलिश पेपर, मग 320 चा, मग प्रायमर. प्रायमर चुकवला तर तेवढाच ठिपका लांबून ओळखू येतो. आणि पेनाच्या रेघांवर ऑइल प्रायमर मारावाच लागतो, साध्या रंगातून त्या परत वर येतात.

हे चालू असताना घरमालक काका आले. बेडरूममधलं कपाट नुकतंच हलवलं होतं, मागे गुडघ्यापर्यंत रंग फुगलेला, पोपडे आलेले, खाली पांढरी पूड पडलेली. काका एकदम चढलेच, "घराची वाट लावलीत, अख्ख्या घराचा रंग डिपॉझिटमधून कापणार." ताईंचा चेहराच उतरला. दादांनी मोबाईलवर केंद्राचा 2021 चा आदर्श भाडेकरू कायदा काढला, त्यात भिंतींचा रंग घरमालकाकडे दिलाय, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही हे काकांना ठाऊक होतं, ते म्हणाले ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय ते बोला.

मला राहवलं नाही. पुट्टी लावायच्या पत्र्याने एक पोपडा खरवडला, आतला गिलावा काळपट, ओला. म्हणलं काका, हा लोणा आहे, वरून पाणी सांडून असा येत नाही, पाणी भिंतीच्या आतून येतं आणि क्षार घेऊन बाहेर पडतं. पलीकडे बाथरूम होतं. काकांना तिथं नेलं, शॉवरखालच्या टाइल्सच्या जॉइंटमध्ये पत्र्याचं टोक लावलं तर सरळ आत गेलं, सिमेंट कधीचंच धुऊन गेलं होतं. काका वाकून बघत राहिले, मग स्वतःच्या बोटाने पण चाचपून बघितलं.

भोकं पाडली त्याने ती भरून द्यावीत हे मला शंभर टक्के पटतं. पण टाइल्सचे जॉइंट झिजले त्याचे पैसे भाडेकरूने का द्यायचे? हे मी काकांना तोंडावर बोललो, काम देणारे तेच असले तरी. थोडी कुरकुर केली त्यांनी, पण शेवटी ठरलं की हॉलचा टचअप भाडेकरूचा आणि बेडरूमची भिंत काकांची, आणि डिपॉझिट पूर्ण परत.

त्या भिंतीला मी तेव्हा हात लावला नाही, ओलीवर पुट्टी टिकत नाही. जॉइंट भरून, भिंत नीट वाळल्यावर थेट दिवाळीनंतर केली, तोवर नवीन भाडेकरू आले होते आणि काकांनीच त्यांना कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायला सांगितलं होतं.