तुम्ही विचारलंत म्हणून : वसतिगृहात रात्री दहानंतर मोबाइल का नाही?

दरवर्षी अकरावीचे प्रवेश सुरू झाले, की वसतिगृहाच्या कार्यालयात माझ्यासमोर बसलेले पालक नियमांचा कागद वाचता वाचता एका ओळीपाशी थांबतात. ती ओळ अशी : ‘रात्री दहा वाजता प्रत्येकीने आपला मोबाइल व्हरांड्यातील कपाटात, आपल्या क्रमांकाच्या कप्प्यात ठेवावा, सकाळी साडेसहाला तो परत मिळेल.’ मग कुणी वडील संकोचाने म्हणतात, ‘‘मॅडम, आमची मुलगी तशी नाही हो.’’ कुणी आई विचारते, ‘‘तो निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊन दिला तर चालणार नाही का?’’ मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि गेली अकरा वर्षे या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. प्रवेशाच्या दिवसांत मागे रांग असते, त्यामुळे या प्रश्नांना दोन वाक्यांत उत्तर देऊन मला पुढच्या पालकांकडे वळावे लागते, आणि ते उत्तर अपुरे राहिल्याची रुखरुख दिवसभर मनात राहते. ते येथे सविस्तर देत आहे.

सर्वप्रथम विश्वासाविषयी. मुलगी कुणाशी बोलते, काय पाहते, हे तपासण्यासाठी हा नियम नाही. कपाटाला कुलूप लागते, मोबाइल कुणीही उघडत नाही, आणि सकाळी तो जसाच्या तसा तिच्या हाती जातो. प्रश्न फक्त झोपेचा आहे, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची झोप ही माझ्यावर सोपवलेली जबाबदारी आहे असे मी मानते, तिच्या जेवणाइतकीच.

आता चष्म्याच्या प्रश्नाकडे येते, कारण त्यामागे एक खरे शास्त्र आहे. डोळ्याच्या पडद्यावरील दंडपेशी आणि शंकूपेशी आपण सर्वांनी शाळेत शिकलो आहोत. त्यांच्यामुळे आपल्याला दिसते. 2002 मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पडद्यावर प्रकाशाची जाणीव असणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या पेशी दाखवून दिल्या. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळसर, प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांचे मुख्य काम दृश्य टिपण्याचे नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढे त्या मेंदूला कळवतात. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे, तेच शरीराचे मुख्य घड्याळ. तिन्हीसांजा टळून अंधार झाला, की हे घड्याळ मेंदूतील पिनिअल ग्रंथीला मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू देते. मेलॅटोनिन म्हणजे झोपेचे औषध असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात ती रात्र झाल्याची वर्दी आहे, आणि डोळ्यांवर पुरेसा प्रकाश पडत राहिला तर ती वर्दी उशिरा पोहोचते.

येथपर्यंतचे ऐकून पालक म्हणतात, मग निळा प्रकाश अडवला की झाले. मीही पहिल्या दोन वर्षांत असेच समजत होते आणि मोबाइल काढून न घेता मुलींना रात्री त्याचा पडदा (स्क्रीन) पिवळसर करण्याची सोय वापरायला सांगत होते. त्याने काहीही बदलले नाही. तेव्हा मी मुळापासून वाचायला घेतले.

बॉस्टनमधील संशोधकांचा 2014 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या विषयावर सर्वांत अधिक सांगितला जातो. बारा निरोगी प्रौढांना प्रयोगशाळेत ठेवून, मंद उजेडाच्या खोलीत, ओळीने पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास पूर्ण उजेडाच्या टॅबलेटवर वाचायला दिले, आणि दुसऱ्या पाच रात्री तितकाच वेळ छापील पुस्तक दिले. टॅबलेटच्या रात्री मेलॅटोनिन निम्म्याहून अधिक घटले आणि दुसऱ्या दिवशी शरीराचे घड्याळ सुमारे दीड तास मागे पडलेले आढळले. हे गंभीर आहे. पण याच प्रयोगात झोप लागायला किती उशीर झाला, हा आकडा सहसा कुणी सांगत नाही : सुमारे दहा मिनिटे. चार तास डोळ्यांसमोर पूर्ण उजेडाचा टॅबलेट धरून दहा मिनिटे! माझ्या वसतिगृहातील मुली मात्र तेव्हा रात्री एक-दीडपर्यंत जाग्या असत. हा उरलेला दोन-अडीच तासांचा उशीर निव्वळ प्रकाशाच्या माथी मारता येत नव्हता.

पुढे वाचत गेले तसे हे अधिक स्पष्ट झाले. स्वीडनमधील उप्साला येथे चौदा तरुणांना दिवसाचे साडेसहा तास भरपूर उजेडात ठेवल्यावर, रात्री दोन तास टॅबलेटवर वाचले काय आणि पुस्तक वाचले काय, त्यांच्या मेलॅटोनिनमध्ये फरक पडला नाही. अमेरिकेत 167 तरुणांवर झालेल्या 2021 च्या अभ्यासात पडदा पिवळसर करण्याच्या सोयीने झोप सुधारल्याचे दिसले नाही. चष्म्यांविषयी 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने सतरा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचे आढळले नाही, आणि झोपेविषयी चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसल्याने ठाम काही सांगता आले नाही. म्हणून चष्म्यासाठी पैसे खर्चू नका, असे मी पालकांना स्पष्टपणे सांगते. ज्या घरातून मुलीच्या खाणावळीचे पैसे महिन्याच्या महिन्याला जुळवून पाठवले जातात, त्या घराला आणखी एक अनावश्यक खर्च सुचवणे मला योग्य वाटत नाही.

मग झोप जाते कशाने? माझे डोळे उघडले ते न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या 2024 मधील अभ्यासाने. तेथे अकरा ते चौदा वर्षांच्या 79 मुलामुलींच्या छातीवर संध्याकाळी छोटा कॅमेरा लावला आणि निजायच्या खोलीत अंधारातही टिपणारा दुसरा कॅमेरा ठेवला, त्यामुळे मुले काय सांगतात यावर विसंबून राहावे लागले नाही. अंथरुणावर जाण्याआधीच्या दोन तासांतील पडद्याचा झोपेशी फारसा संबंध आढळला नाही. अंथरुणात शिरल्यानंतर हाती धरलेल्या पडद्याचा मात्र स्पष्ट संबंध दिसला, आणि नुसते पाहण्यापेक्षा खेळ, गप्पा, उत्तरे देणे अशा गुंतवणाऱ्या वापराने झोप अधिक घटली.

हे वाचले आणि मला आमच्या खोल्या आठवल्या. अंथरुणावर पडलेल्या मुलीच्या हातातील मोबाइल तिला उठण्याचे एकही कारण देत नाही. पुस्तकाचे प्रकरण संपते, दूरदर्शनवरचा कार्यक्रम संपतो, पूर्वी बैठकीच्या खोलीत सगळे मिळून काही पाहत असत तेव्हा आजी ‘आता निजा’ म्हणून दिवा मालवायची. बोटाने सरकवत नेण्याच्या छोट्या चित्रफितींना शेवट नाही. त्या थांबू नयेत अशाच रीतीने रचलेल्या आहेत. शिवाय संदेशांचे उत्तर येईपर्यंत डोळा लागत नाही. पहिल्या वर्षी घर सोडून आलेल्या एका मुलीला रात्री पावणेबाराला भावाचा संदेश आला, की घरात शेताच्या वाटणीवरून भांडण झाले आहे. ती पहाटेपर्यंत रडत बसली, आणि तिच्या खोलीतील तिघी तिच्याबरोबर जाग्या राहिल्या. तो संदेश सकाळी सातला आला असता तरी तिला दुःख झालेच असते. पण तेव्हा मी तिच्याजवळ असते, आणि दिवसाउजेडी आईशी फोनवर बोलणेही झाले असते. त्या रात्रीनंतर आठवड्याभरात मी सुताराकडून कप्प्यांचे कपाट करून घेतले.

नॉर्वेतील 45,000 हून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीत अंथरुणातील पडद्याच्या प्रत्येक तासामागे झोप सुमारे 24 मिनिटांनी कमी असल्याचे दिसले, आणि समाजमाध्यमे पाहिली काय किंवा दुसरे काही केले काय, त्याने विशेष फरक पडला नाही. अशा पाहणीतून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही, हेही सांगायला हवे. ज्याला मुळातच झोप येत नाही तोही मोबाइलकडे हात नेतो. माझ्याकडेही अशा दोघी-तिघी होत्या, ज्यांचा मोबाइल कपाटात गेल्यावरही त्या छताकडे पाहत जाग्या राहिल्या. त्यांपैकी एकीच्या मनावर मोठा ताण होता आणि तिला डॉक्टरांकडे नेणे आवश्यक होते. मोबाइल बाजूला झाल्यामुळेच ते लवकर ध्यानात आले, नाहीतर ‘ही रात्रभर मोबाइलवर असते’ एवढे म्हणून आम्ही मोकळे झालो असतो. म्हणून कपाट केल्यानंतरही मी साडेअकराला एक फेरी मारतेच.

‘‘आम्ही तर नवाला झोपत होतो, यांना दहा कशाला?’’ असेही काही आजोबा विचारतात. किशोरवयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच पुढे ढकलले जाते. निद्रासंशोधक मेरी कार्स्काडन यांनी अनेक दशके या वयाच्या झोपेवर काम करून हे दाखवले आहे. सोळा वर्षांच्या मुलीला नऊला झोप येत नाही, यात तिचा आळस किंवा हट्ट नसतो. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सुचवले आहे. आम्ही दहाला मोबाइल ठेवतो, साडेदहाला दिवे मालवतो आणि साडेसहाला घंटा देतो, तेव्हा कसेबसे आठ तास भरतात. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीच्या वर्गांची वेळ सकाळी नऊच्या आधी ठेवू नये असा निर्णय घेतला, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. अकरावी-बारावीला अशी सवलत नाही, त्यामुळे सकाळ आमच्या हाती नाही. जे काही वाचवायचे ते रात्रीच्या बाजूनेच वाचवावे लागते.

सकाळी मोबाइल परत देताना मी मुलींना आधी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावते, याचेही पालकांना नवल वाटते. उप्सालाच्या त्या प्रयोगाचा मी घेतलेला अर्थ हा, की दिवसा भरपूर उजेड मिळालेल्या डोळ्यांना रात्रीचा पडदा कमी बाधतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत दोन-तीनशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेडही मुश्किलीने असतो. साताऱ्याच्या जुलैमधल्या ढगाळ आकाशाखालीदेखील, दिवस चांगला वर आला की तो हजारांत मोजावा लागतो. पावसात छत्री घेऊन का होईना, बाहेर पडा, असा माझा आग्रह असतो.

अडचणी येतात, त्या मी नाकारत नाही. गजर हवा म्हणून मोबाइल उशाशी हवा, असे पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण म्हणते. त्यासाठी प्रत्येक खोलीत गजराचे घड्याळ ठेवले आहे. प्रवेश परीक्षांच्या टिपणांच्या फाइली मोबाइलवर असतात, म्हणून संध्याकाळी आठपर्यंत आवश्यक पाने छापून देण्याची सोय आहे. एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असणारे वडील रात्री साडेअकराला घरी पोहोचतात आणि त्यांना लेकीशी बोलावेसे वाटते. ही हुरहूर मला समजते. त्यांच्यासाठी सकाळी पावणेसात ते सव्वासात ही वेळ मोकळी ठेवली आहे, आणि तातडीचे काही असेल तर माझा क्रमांक रात्रभर सुरू असतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीही नियम शिथिल करत नाही, कारण दिवसभर वाचलेले झोपेतच मनात पक्के होते.

घरी धाकटी भावंडे असतील तर त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण त्यांच्या डोळ्यांतून प्रकाश अधिक आत जातो. कोलोरॅडोमध्ये तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना निजण्यापूर्वी तासभर लख्ख उजेडात खेळू दिले, तेव्हा त्यांचे मेलॅटोनिन जवळपास 88 टक्क्यांनी घटले. तो उजेड मोबाइलच्या उजेडाहून पुष्कळ प्रखर होता, तरीही जेवण भरवताना आणि निजवताना बाळाच्या हाती मोबाइल देण्याची सवय मला चिंताजनक वाटते. अंगाई म्हणायला किंवा गोष्ट सांगायला आई दमलेली असेल, तर ते काम वडिलांनी करावे.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीविषयी. तीन आठवडे घरी राहून मुली परततात तेव्हा पहिल्या चार-पाच रात्री त्यांना बारापर्यंत झोप लागत नाही आणि सकाळच्या तासाला डोळे मिटत असतात. त्यामुळे सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात चाचणी ठेवू नये, अशी विनंती मी प्राचार्यांना केली आणि ती मान्य झाली. या वर्षी सुट्टीला जाणाऱ्या मुलींबरोबर मी घरी एक चिठ्ठी देणार आहे. तिच्यात एवढेच लिहिले आहे, की सुट्टीत घरातील सर्वांचे चार्जर, आईवडिलांचेही, स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ लावावेत.