धावण्यामुळे नख काळं पडलं: वर्षभराचा माझा अनुभव

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात सराव करताना माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि शेजारच्या बोटाचं तर निघूनच आलं. या शर्यतीत निम्मं अंतर घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने उतरायचा. नखं जातात ती उतारावर. दर पावलाला पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं बुटाच्या टोकावर आपटतात. दहा किलोमीटरच्या उतारात एकेका पायाला हे चार-पाच हजार वेळा होतं. नखाखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त साठतं, नख आधी जांभळट आणि मग काळं दिसू लागतं.

पहिल्या एक-दोन दिवसांत ठणका सहन होत नसेल तर डॉक्टरांकडे जावं. ते नखाला बारीक छिद्र पाडून साठलेलं रक्त काढतात. दाब उतरला की ठणकाही उतरतो. घरी सुई तापवून हा उद्योग करू नका, त्यातून जंतुसंसर्ग होतो. मधुमेह असेल तर दुखत नसलं तरी दाखवून घ्याच. बाकीच्यांनी, दुखत नसेल तर, नखाला हात लावू नये.

नख सुटायला लागलं की ते ओढून काढायचा मोह होतो. मुळाशी ते अजून चिकटलेलं असतं, ओढलं तर खालचं कातडं सोलून येतं. जेवढं सुटलंय तेवढंच नेलकटरने कापायचं आणि उरलेल्यावर मायक्रोपोर टेपचा एक वेढा द्यायचा, म्हणजे मोज्यात अडकत नाही. पूर्ण निघालं की साबण-पाण्याने धुऊन, कोरडं करून, वर व्हॅसलीन आणि न चिकटणारी पट्टी. उघडी पडलेली जागा काही दिवस हुळहुळी राहते, मग कडक होते.

नवं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. या काळात एका गोष्टीवर डोळा ठेवा: रक्ताचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. दर पंधरा दिवसांनी फोटो काढला की हे स्पष्ट कळतं. डाग सरकत नसेल, मुळापासून टोकापर्यंत उभी काळी रेघ असेल किंवा काळेपणा शेजारच्या कातड्यात उतरला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. तो क्वचित कर्करोगही असू शकतो. नख पिवळट, जाड आणि भुसभुशीत येत असेल तर बुरशीची शंका घ्यावी.

आता बूट. कुठलं नख काळं पडलंय त्यावरून बरंच कळतं. अंगठ्याशेजारचं असेल तर बहुधा तेच बोट सर्वांत लांब आहे आणि माप अंगठ्यावरून घेतलं गेलंय. करंगळीचं असेल तर बूट रुंदीला कमी पडतोय. अंगठ्याच्या वर जाळीला भोक पडलं असेल तर पळताना अंगठा वर उचलला जाऊन बुटाच्या छताला घासतोय. तिथे लांबी वाढवून उपयोग नाही, पुढून उंच असलेलं मॉडेल हवं.

माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. भिंतीला टाच टेकवून, धावायचे मोजे घालून, कागदावर पूर्ण वजन देऊन उभं राहायचं आणि पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करायची. ही खूण दुसऱ्याने केलेली बरी, वाकलं की वजन सरकतं. दोन्ही पाय मोजा. माझा उजवा ४ मिलिमीटर लांब निघाला. यूके मापात अर्धा नंबर म्हणजे साधारण ४ मिलिमीटर, म्हणजे मी डाव्या पायाच्या मापाचा बूट दोन्हीकडे घालत होतो. बूट नेहमी मोठ्या पायाचा घ्यायचा.

दुकानात इनसोल (बुटातला सुटा तळ) बाहेर काढून त्यावर उभं राहा. लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. करंगळी कडेबाहेर लोंबत असेल तर नंबर वाढवू नका, रुंद बूट मागा; पुरुषांच्या बुटात नेहमीची रुंदी डी आणि रुंद म्हणजे टू-ई. नंबर वाढवून रुंदी मिळवली की टाच सैल होते, पाय आणखी सरकतो आणि नखं पुन्हा जातात. ही चूक फार लोक करतात. मग नाड्या बांधून जिना उतरून बघा. बोटं पुढे टेकली तर तो बूट घाटासाठी नाही.

नाडीनेही मोठा फरक पडतो. घोट्याजवळ जे एक जादा भोक असतं, त्यात त्याच बाजूची नाडी बाहेरून आत घालून छोटा फास ठेवायचा. दोन्ही नाड्या समोरासमोरच्या फासातून काढायच्या, खाली टाचेकडे ओढायच्या आणि नेहमीची गाठ मारायची. टाच जागेवर बसते आणि चवड्यावरची नाडी ढिली ठेवता येते.

सुती मोजे साताऱ्याच्या पावसात भिजून गोळा होतात; नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे पातळ घ्या आणि बूट बघायला जाताना तेच घालून जा. नखं सरळ कापा, कोपरे खोलवर कोरू नका. शर्यतीच्या आदल्या रात्री नाही, दोन-तीन दिवस आधी. उतारावर लांब ढांगा टाकून ब्रेक लावत पळण्यापेक्षा छोटी, भराभर पावलं टाका.

नवं नख टोकाशी पोचताना पुढच्या फुगलेल्या कातड्यात रुतू शकतं. तेव्हा रोज आंघोळीनंतर ते कातडं बोटाने हलकेच खाली दाबत राहायचं. लाल होऊन पू धरला तर पुन्हा डॉक्टर.