३१२ आणि सोलापूर शून्य

आमचा बारक्या अमेरिकेत कान्सास सिटीला असतो आणि तिथं राहून ताटल्या फेकत फिरतो. हे वाक्य माझं नाही, आईचं आहे. शेजारच्या काकूंनी विचारलं की धाकटा काय करतो तिकडं, तर आयटीत आहे, घर घेतलंय वगैरे सांगायच्या आधी ती हेच सांगते, आणि खरं सांगायचं तर ते काही अगदीच खोटं नाहीय.

त्या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फच, पण काठी नाही चेंडू नाही, प्लास्टिकची चकती हातानं फेकायची, ती जिथं पडेल तिथनं पुन्हा फेकायची, असं करत करत लांब एक खांब असतो, त्याला लोखंडी साखळ्या लोंबत असतात आणि खाली टोपली, साखळीला खण्ण करून आपटून चकती टोपलीत पडली की झालं. त्याला ते होल म्हणतात, भोक कुठंच नसतंय. असे ९ नाहीतर १८ होल मिळून एक कोर्स. बहुतेक कोर्स साध्या पब्लिक पार्कात, तिकीट नाही, गोल्फसारखे पांढरे बूट नाहीत, उचला चकती आणि चला.

इथपर्यंत ठीक आहे. माणसानं खेळावं. पण आमच्या बारक्याला खेळण्यापेक्षा मोजायचा नाद लागलाय. यूडिस्क म्हणून अ‍ॅप आहे, त्यात जगभरचे कोर्स नकाशावर ठिपके होऊन बसलेत, १५ हजारांच्या वर आहेत म्हणे, आणि आपण जिथं खेळलो त्याची नोंद करत जायची. ह्याला त्यांच्यात बॅगिंग म्हणतात, म्हणजे कोर्स पिशवीत टाकायचा. गेल्या दिवाळीला फोनवर आकडा होता २९७, सोलापूरला आला तेव्हा ३१२. मी हिशोब केला, आठवड्याला ३ कोर्स जरी खेळला तरी सगळे व्हायला ९६ वर्षं लागतील आणि तोवर लोक नवे बांधतच राहणार. तसं सांगितलं तर म्हणतो, अक्का, सगळे कोण करतंय. मग कशाला मोजतोस? तर त्याला उत्तर नाही, नुसता हसतो. हजाराच्या वर कोर्स खेळलेले लोक आहेत तिकडं, त्यांच्यापुढं मी कोण असं वर म्हणतो, जसं काही ते संतमंडळी आहेत.

वहिनीचं गाऱ्हाणं वेगळं. लग्नाच्या वाढदिवसाला म्हणून हिला घेऊन निघाला आणि नेलं कुठं तर एम्पोरिया नावाच्या गावाला, कान्सासमध्येच, लोकसंख्या जेमतेम २४-२५ हजार, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या पेठेएवढी. पण डिस्क गोल्फवाल्यांचं ते पंढरपूर. वर्ल्ड चॅम्पियनशिप २०१६ ला तिथं झाली, २०२२ ला परत तिथंच, आणि त्या वर्षी बायकांत एस्टोनियाची क्रिस्टिन टॅटर जिंकली. एस्टोनिया कुठाय हे मला तेव्हा नकाशात बघावं लागलं, आणि बघितल्यावर कळलं की त्या बाजूला, शेजारच्या फिनलंडमध्ये तर फारच, ह्या खेळाचं वेड आहे. तर ते असो. वहिनी म्हणाली, ताई, समुद्र नाही डोंगर नाही, वाढदिवसाला मी कुणाच्यातरी टोपलीकडं बघत उभी. पण नंतर तीच सांगत होती की त्या गावात एका म्हाताऱ्या बाईच्या हॉटेलात पाय खाल्ला, म्हणजे त्यांचा तो भाजलेला गोड पदार्थ, पाय हो, तसला परत कुठं मिळाला नाही. ठिपका नसता तर त्या गावाला ती जन्मात गेली नसती.

आता मला सांगा, आपण काय कमी आहोत का? बारा ज्योतिर्लिंगं मोजतो, अष्टविनायक मोजतो, किल्लेवाले तर असे भेटतात की नाव सांगायच्या आधी दीडशे झाले म्हणून सांगतात. आणि शक्तिपीठं तर आपण साडेतीन मोजतो! वणीची देवी अर्धी धरायची, आणि हे कुणाला विचित्रपण वाटत नाही. बारक्याला म्हणलं, तुमच्या अ‍ॅपमध्ये अर्धा कोर्स धरतात का, तर म्हणाला नाही, तेवढी प्रगती अजून झालेली नाही.

पण आमच्या घरातली खरी बॅगर आई आहे. सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावात आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. गड्ड्याच्या जत्रेत संक्रांतीच्या आदल्या दिवशी सात नंदीध्वज वाजतगाजत निघतात आणि त्या लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात, त्याला यण्णीमज्जन म्हणतात, बाराबंदी घातलेली माणसं, हलग्या, एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, तो आवाज ऐकल्याशिवाय आमची संक्रांत होत नाही. तर ही ६८ लिंगं आपण स्वतः जाऊन बघायची असं आईनं वडील गेल्यावर ठरवलं. श्रावणातले सोमवार धरून धरून, गुडघे सांभाळत, कधी रिक्षानं कधी माझ्या स्कूटीवर. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलनं आकडे आहेत, एकेकावर फुली. यंदाच्या जानेवारीपर्यंत ५९ झाले होते.

बारक्या आला तो एक मोठी पिशवी घेऊन. चॉकलेटं असतील म्हणून पोरांनी उघडली तर आत १४ चकत्या. आईनं एक हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, म्हणली एवढ्या ताटल्या कशाला आणल्यास, घरात काय कमी आहेत का. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्यातली सगळ्यात महागडी निळी चकती दुधाच्या पातेल्यावर झाकण. बारक्या ओरडला, अगं ते ड्रायव्हर आहे! लांब फेकायच्या चकतीला ते ड्रायव्हर म्हणतात, पण आईला कळेचना की ड्रायव्हर कुठाय.

गंमत म्हणजे आईचं चुकलंच नव्हतं. कनेक्टिकटमध्ये फ्रिस्बी नावाची पायची बेकरी होती, तिच्या पत्र्याच्या ताटल्या पोरं एकमेकांकडं फेकायची, त्यावरनं खेळण्याला फ्रिस्बी नाव पडलं. आणि ज्यानं प्लास्टिकची चकती केली तो फ्रेड मॉरिसन, तो १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात समुद्राकाठी केकचा पत्रा फेकत बसला होता, कुणीतरी म्हणलं मला विकतोस का, पाच सेंटचा पत्रा पंचवीस सेंटला गेला आणि त्याला धंदा सुचला. म्हणजे मूळ ताटलीच. हे बारक्यानंच सांगितलं आणि सांगून स्वतःच फसला, कारण त्यानंतर आई त्या पिशवीला ताटल्यांची पिशवी म्हणते ते कायमचंच. बहुतेक चकत्यांवर चार आकडे छापलेले असतात, वेग किती, तरंगणार किती, सुरुवातीला कुठं वळणार, शेवटी कुठं वळणार. आई म्हणली, पत्रिकाच आहे की रे हिची, माणसाची एवढी स्पष्ट नसते.

मग त्यानं एड हेड्रिकची गोष्ट सांगितली. हाच तो माणूस ज्यानं साखळीचा खांब शोधला. त्याआधी लोक झाडाला, दिव्याच्या खांबाला चकती मारायचे, आणि मग लागली-नाही लागली म्हणून भांडणं. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाजवळ ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ ला त्यानं पहिला कायमचा कोर्स केला, १९७६ ला खेळाडूंची संघटना काढली आणि स्वतः सभासद नंबर १, १९७७ ला टोपलीचं पेटंट घेतलं. हा माणूस २००२ मध्ये गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या काढल्या.

आई तिळगुळ वळत होती, तिचा हात थांबला. "म्हणजे विसर्जन केलंच नाही?"

"नाही की. चकत्या वाटल्या लोकांना."

"म्हणजे अजून फेकतायत त्याला?" आणि मग बराच वेळ गप्प बसून, "पण हौस फिटली असेल हो त्याची."

आता मुख्य दुखणं. बारक्याच्या नकाशात सोलापूरवर ठिपका नाही. तो दाखवत होता, हे बघ अक्का, इथं मी राहतो तिथं बोट ठेवायला जागा नाही एवढे ठिपके, आणि मग नकाशा सरकवत सरकवत आपल्याकडं आणला तर हिप्परग्याचा तलाव, हायवे, गाव, आणि काही नाही. मला उगाच राग आला. बाहेरच्यानं येऊन आपल्या घरी पाणीपण न मिळाल्यासारखं सांगावं तसं वाटलं. म्हणलं उद्या सकाळी चल, आपण करू कोर्स.

होम मैदानावर गड्डा भरलेला, पाळणे न् भज्यांचे स्टॉल, तिथं प्रश्नच नाही. मग जुळे सोलापुरात आमच्या मागं मोकळे प्लॉट आहेत तिथं गेलो, सकाळी साडेसहाला, मी, बारक्या, माझी दोन पोरं आणि एक कुत्रं जे आपोआप आलं. नऊ होल ठरवले. पहिला लाईटचा डांब, दुसरा कडुनिंब, तिसरा कुणीतरी अर्धवट सोडलेला पायाचा कॉलम, चौथा बाभळ, असं. हेड्रिकच्या आधीच्या जमान्यातला कोर्स म्हणा ना. आणि अगदी तसंच झालं, दुसऱ्याच होलला लागली-नाही लागली सुरू. शेजारी क्रिकेट खेळणारी पोरं आली, त्यातल्या एकानं विचारलं काय खेळलालाय बे, आणि पाच मिनिटात तोच अंपायर झाला. लिंबाचं पान हललं तर आऊट धरायचं असा नियम त्यानं काढला. वारं सुटल्यावर मग काय सांगावं, सगळेच आऊट.

उजव्या हातानं फेकली की चकती शेवटी डावीकडं वळते, हे मला दहादा सांगितलं होतं. डाव्या बाजूला बंगल्यांची रांग होती. सातव्या होलला मी जीव खाऊन फेकली, ती निळी, दुधाची, छान तरंगत गेली, मला वाटलं आता ह्याला दाखवतेच, आणि मग ती निवांत डावीकडं वळून कुठल्यातरी गच्चीच्या मागं गेली. नियम आहे म्हणे, हरवलेली चकती तीनच मिनिटं शोधायची. आम्ही अर्धा तास शोधली. तीन घरांच्या बेल वाजवल्या, एका घरातनं कुत्रा अंगावर आला, एका काकांनी मलाच झापलं की ह्या वयात काय हे. सापडली नाही. बारक्या म्हणाला जाऊदे, मागं माझा नंबर लिहिलाय, सगळेच लिहितात, सापडली की लोक फोन करतात. म्हणलं अरे हे कान्सास नाही.

कोर्स अ‍ॅपमध्ये टाक म्हणलं तर नाही म्हणाला. टोपल्या नाहीत, जागेची परवानगी नाही, उद्या तिथं अपार्टमेंट उठेल. आणि तू नऊपैकी सातच होल खेळलीस. एक होल राहिला तरी तो कोर्स धरत नाही म्हणे, रात्र झाली, पाऊस आला, काही कारण चालत नाही, परत जाऊन पहिल्यापासून खेळायचा. त्यांच्यातही यावरनं वाद आहेत, पण हा कडक. मला वाटलं काय हा चक्रमपणा.

पण त्याच आठवड्यात तो आईला स्कूटीवर घेऊन उरलेल्या लिंगांना निघाला. सकाळी गेले ते दुपारी एकला आले, आईचा चेहरा उन्हानं लाल. मी विचारलं किती झाले. बारक्या म्हणाला चार. आई म्हणली तीन. एका ठिकाणी दार बंद होतं, फटीतनं हात जोडले, ते धरायचं नाही. मी म्हणलं अगं देवाला काय फटीतनं दिसत नाही का. तर बारक्याच माझ्यावर खेकसला, अक्का तुला नाही कळणार, आई बरोबर बोलतीय. आणि दोघं कॅलेंडर उलटं करून पेन्सिल घेऊन बसले, कुठलं जवळ, कुठलं आधी, कुठल्या बाजूनं गेलं की दोन एका फेरीत होतात, कडक भाकरी आणि शेंगाचटणी मध्ये ठेवून, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. ६२. बंद दारावाल्यावर आईनं फुलीच्या ऐवजी एक टिंब दिलं.

तो गेला परत. जाताना १३ चकत्या.

एप्रिलात, इथं पारा ४२ ला टेकलेला, त्याचा मला व्हिडिओ कॉल, त्याच्याकडं रात्रीचे अडीच, डोळे चोळत हसतोय. म्हणाला आत्ता फोन आला होता, सोलापुरातनं, एक काका. काय म्हणाले माहितीय का? साहेब, तुमची ताटली सापडलीय.

मी संध्याकाळी घर शोधत गेले. तेच काका ज्यांनी मला वयावरनं झापलं होतं. त्यांनी ओळखलं नाही, किंवा ओळखून तसं दाखवलं नाही. पाणी टाकी धुवायला गच्चीवर गेलो तर टाकीच्या मागं होती म्हणाले, नंबरच्या आधी ते प्लस-वन काय ते कळेना, नातवानं लावून दिला. चला दाखवतो. वर गेलो. गच्ची तापलेली, चप्पल असूनही पाय भाजत होते. टाकीच्या सावलीत निळी चकती उलटी ठेवलेली, तिच्यात पाणी, काठावर दोन चिमण्या आणि एक साळुंकी दादागिरी करत.

"उथळ आहे ना, बारक्या पाखरांना बरी पडते," काका म्हणाले. "तुमची आहे, न्या. पण उन्हाळा संपल्यावर न्याल का?"

मी फोटो काढून पाठवला. बारक्याचं लगेच उत्तर आलं, झोपला नव्हता वाटतं. लोकेशन पाठव म्हणाला. पाठवलं. मग विचारलं कशाला हवं होतं रे, तर म्हणे असंच. आणि आईनं आतनं ओरडून सांगितलं, त्याला विचार, त्या बंद दाराचं लोकेशन त्याच्याकडंच आहे, श्रावणाच्या आत मला पाठव म्हणावं.